विनोद खोसला आधी इंजिनीअर होते की फायनान्सवाले? ते गुंतवणुकीत आले कसे?

इंजिनीअर, आणि गुंतवणुकीत आले ते स्वतः कंपनी उभी करून झाल्यावर, बँकेच्या किंवा शेअर बाजाराच्या वाटेने नाही. जन्म १९५५, पुणे, वडील सैन्यात. आयआयटी दिल्लीतून इलेक्ट्रिकल, कार्नेगी मेलनमधून बायोमेडिकल इंजिनीअरिंगची मास्टर्स, मग १९८० मध्ये स्टॅनफर्डचं एमबीए. मधेच भारतात सोया दुधाचा धंदा करून पाहिला, तो जमला नाही. डेझी सिस्टिम्स या आधीच्या कंपनीनंतर १९८२ मध्ये अँडी बेख्टोल्शाइम, स्कॉट मॅकनीली आणि बिल जॉय यांच्यासोबत सन मायक्रोसिस्टिम्स ही संगणक कंपनी काढली. खरा दुवा इथेच आहे: सनमध्ये क्लायनर पर्किन्स या नव्या कंपन्यांत पैसा गुंतवणाऱ्या (व्हेंचर कॅपिटल) फर्मचा पैसा होता, आणि सन सोडल्यावर १९८६ मध्ये खोसला त्याच फर्ममध्ये भागीदार म्हणून गेले. म्हणजे टेबल तेच, फक्त खुर्ची बदलली. २००४ मध्ये त्यांनी स्वतःची खोसला व्हेंचर्स सुरू केली, तीही सुरुवातीला स्वतःच्या पैशावर. बाहेरच्यांचा मोठा निधी २००९ मध्ये आला. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयमधली २०१९ ची गुंतवणूक खोसला व्हेंचर्सचीच.

ही माहिती त्यांच्या जाहीर मुलाखतींत आणि फर्मच्या परिचयात सहज सापडते. एक मात्र लक्षात घ्या: ‘पुण्याचे खोसला’ म्हणून आपल्याकडे मिरवतात, पण पुणं त्यांचं जन्मगाव एवढंच, शिक्षण दिल्लीत आणि पुढे अमेरिकेत. आणि इंजिनीअर ते गुंतवणूकदार हा मार्ग सगळ्यांचा नसतो. सिकोया या अशाच गुंतवणूक फर्ममध्ये अनेक वर्षं भागीदार राहिलेले मायकल मॉरिट्झ तर आधी पत्रकार होते.