टर्बो स्वस्तात येईल हो, पण गरमीचं काय करता?

प्रश्न : भाऊ, माझी 2018 ची स्विफ्ट पेट्रोल आहे. गाडी एकदम चोख, पण समृद्धीवर चार जण आणि सामान घेऊन ओव्हरटेक मारायला गेलं की जीवच नाही वाटत तिच्यात. ओळखीचा गॅरेजवाला म्हणून राहिला की ऑनलाइन टर्बो किट मागव, दोन दिवसात बसवून देतो, पावर सरळ दीडपट. बसवू का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : दीडपटचा हिशोब कागदावर बरोबर आहे बरं. साधं इंजिन हवा स्वतः ओढतं, टर्बो तीच हवा सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम गॅसच्या जोरावर पंखा फिरवून आत कोंबतो, 0.5 बार बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबावर अजून अर्धा दाब, दिला तर दीडपट हवा, मग पेट्रोलही दीडपट. पण तुमच्या 1197 सीसी इंजिनाचं कॉम्प्रेशन आधीच 11 ला 1 आहे, म्हणजे ते आपल्या आपणच हवा करकचून दाबतं, त्यात तुम्ही अजून दाबलेली हवा घालणार. आणि हवा दाबली की तापते. मे महिन्यात आपल्याकडे 45 डिग्री, ती हवा टर्बोतून निघेपर्यंत शंभरीच्या आसपास, म्हणजे ती थंड करणारी जाळी, इंटरकूलर, पायजेच, आणि तोही बाहेरच्या त्याच 45 च्या हवेनं थंड होणार, बोला! एवढ्या गरमीत स्पार्कची ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं पेट्रोल आपोआप पेटतं, आतून टकटक आवाज येतो, तेच नॉकिंग.

माझ्या टेबलावर एक पिस्टन आहे, त्यात मी पेन ठेवतो. असंच किट बसवलेल्या एका गाडीतला. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली कड बोटाच्या पेराएवढी तुटून गेलीय, बाकी पिस्टन नव्यासारखा. मालकाला वाटत होतं ऑइल कमी होतंय, बस.

गॅरेजवाल्याला एवढंच विचारा की ईसीयूचं, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचं, काय करणार. साध्या गाडीचा प्रेशर सेन्सर बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच मोजतो, त्याच्या वर बूस्ट चढला तरी ईसीयूला पत्ताच नसतो आणि पेट्रोल कमी पडतं. मग सेन्सर बदला, इंजेक्टर मोठे, ट्यूनिंग वेगळं, टर्बोला ऑइलची लाइन आणि ते परत यायला इंजिनाखालच्या ऑइल चेंबरला भोक, क्लच प्लेट घसरायला लागली की तीही. दोन दिवसात कुठून होतं हे सगळं? खरं काम करणारे लोक पिस्टन बदलून कॉम्प्रेशन खाली आणतात, तेवढ्या पैशात बाप्पा दुसरं इंजिन येईल.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले बोनेट उघडूनच क्लेम अडवतील.

माझं मत विचाराल तर स्विफ्ट विका आणि सेकंडहँड बलेनो आरएस शोधा. 998 सीसीचं छोटं इंजिन, पण कंपनीचाच टर्बो, 102 पीएस पावर आणि 150 एनएम टॉर्क, म्हणजे ओढ, तुमची 83 आणि 113. ओव्हरटेकला जे पायजे ते हेच. गाड्या कमी निघाल्या म्हणून शोधावं लागेल. नाही विकायची तर टायरची हवा, एअर फिल्टर, स्पार्क प्लग पाहून घ्या आणि ओव्हरटेकच्या आधी गिअर खाली टाका, पाचव्यातच अ‍ॅक्सिलरेटर दाबून बसू नका, अर्ध्या लोकांची तक्रार तिथंच मिटते.

प्रश्न : माझी टर्बो पेट्रोल नवीन आहे. मित्र म्हणतो, बंद करण्याआधी पाच मिनिटं चालू ठेवायची. खरं का?
– एक वाचिका, प्रतापनगर

उत्तर : पाच मिनिटं नको ताई, पेट्रोल फुकट जातं. सीताबर्डीहून घरी आलात तर लगेच बंद करा. समृद्धीवरून 120 नं येऊन शिवमडक्याला उतरल्या उतरल्या थांबलात तर मात्र मिनिटभर चालू राहू द्या, नाहीतर तापलेल्या टर्बोत थांबलेलं ऑइल जळून काळं होतं आणि बेअरिंगला चिकटतं. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं, स्वस्तातलं नको.