गोंडीत दोनला काय म्हणतात?

वेगवेगळ्या घरांतून, भाषांतून आलेल्या मुलांना शिकवताना पडणारे प्रश्न या सदरासाठी मागवले होते. त्यातले चार घेते.

माझं गाव सातारा जिल्ह्यात, नेमणूक गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात. पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग आहे. मुलं आपसांत भरपूर बोलतात, पण मी काही विचारलं की गप्प. दीड महिना झाला. काय करू?

तुमची मुलं आपसांत बोलतात ती गोंडी. ती मराठीची बोली आहे, असं बरेच गुरुजी धरून चालतात. मालवणी किंवा वऱ्हाडी चार दिवस कान देऊन ऐकली की सातारकराला कळू लागते. गोंडी तशी कळणार नाही, कारण ती द्राविडी कुळातली, तेलुगूची नातलग. मोजून पाहा: उंदी, रंड, मुंड, नालुंग. पलीकडे तेलंगणात रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. नातं लगेच कानात भरतं.

आता दोनला काय म्हणतात, असं विचारल्यावर एखादं पोर मोकळेपणाने ‘रंड’ म्हणालं आणि तुम्ही दचकलात, किंवा ‘शाळेत असं बोलू नये’ म्हणालात, तर ते पोर पुन्हा कशाला तोंड उघडेल? त्याने तर बरोबर उत्तर दिलं होतं.

सध्या विद्यार्थी तुम्ही व्हा. रोज पाच शब्द मुलांकडून शिका, फळ्यावर देवनागरीत लिहा, शेजारी चित्र, खाली मराठी शब्द. उच्चार चुकेल, मुलं हसतील. हसू द्या, गुरुजीही चुकतात हे त्यांना दिसायला हवं. गोष्ट सांगताना गावातल्या एखाद्या आजीला शेजारी बसवा. मोठ्या वर्गातली मुलगी दुभाषी म्हणून चालेल, पण रोज तिचाच अभ्यास बुडवू नका. गणित मोहफुलांवर आणि तेंदूच्या पुड्यांवर घ्या. पुड्यात ७० पानं बांधतात. तीन पुड्यांची पानं किती, हे दुसरीतलं पोर कदाचित तुमच्याआधी सांगेल. मार्च-एप्रिलात मोह वेचायला घरं रिकामी होतात, तेव्हा हजेरी घसरेल. त्यावर ओरडून उपयोग नाही, महत्त्वाचे धडे आधी उरका.

तपासणीला आलेल्या साहेबांनी ‘वर्गात गोंडी का?’ विचारलं, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ दाखवा. शक्य असेल तिथे मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं, असं त्यातच लिहिलंय.

बीड जिल्ह्यात पाचवीला शिकवते. ‘माझी दिवाळीची सुट्टी’ असा निबंध दिला, तर सात मुलांनी कोरे कागद दिले. ही मुलं आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जातात.

मग सुट्टी कसली, बाई! दिवाळीच्या आगेमागे ती ट्रकमध्ये बसतात आणि थेट मार्च-एप्रिलात परत येतात. ‘आम्ही राहतो ती कोपी’ (म्हणजे तोडीच्या जागी उभारलेली झोपडी) असा विषय देऊन बघा. कोपी कशी उभारतात, पाणी कुठून आणतात, पहाटे थंडीत मोळी कशी बांधतात, हे त्यांना शहरातल्या कुठल्याही मुलापेक्षा जास्त ठाऊक असतं. फक्त सक्ती नको, दोन-तीन विषय द्या आणि निवडू द्या. एखाद्याला त्या कोपीबद्दल लिहायचंच नसेल, तर तोही त्याचा हक्क आहे.

उचल (तोडीसाठी आधीच घेतलेले पैसे) आणि तोडलेल्या उसाच्या टनांचा हिशोब गणितात आणायचा मोह होईल. जरूर आणा, आकडे मात्र काल्पनिक घ्या. ‘तुझ्या बापाची उचल किती?’ हे भर वर्गात विचारू नका. ते घरातलं कर्ज आहे. आणि जाण्याआधी गावात हंगामी वसतिगृह आहे का, मूल आजीकडे राहू शकतं का, हे पालकांशी दसऱ्यापूर्वीच बोला. दिवाळीत बोलून उशीर झालेला असतो.

स्नेहसंमेलनात चौथीच्या मुलांचं ‘आदिवासी नृत्य’ बसवतोय. पानांचे घागरे, तोंडाला काळा रंग. एका पालकांनी हरकत घेतली. इतकं मनावर घेण्यासारखं आहे का?

आहे. असा पेहराव ना वारल्यांचा, ना कोरकूंचा, ना भिल्लांचा. तो जुन्या हिंदी सिनेमांतून आलाय. वारल्यांचा तारपा नाच बसवायचा असेल तर तो येणाऱ्या माणसाला बोलवा, मानधन द्या, त्याच्याकडून शिका. ते जमत नसेल तर कोळीगीत बसवा. (तेही टोपलीत प्लास्टिकचे मासे न घेता जमलं तर उत्तम.)

मी जात-धर्म मानत नाही, मला सगळी मुलं सारखी. तरी शाळेतल्या बैठकीत ‘वर्गातला भेदभाव’ यावर भाषण ऐकावं लागलं. हा आमच्यावर अविश्वास नाही का?

तुमच्या मनाबद्दल मला शंका नाही. पण आठवडाभर एक वही ठेवा. झाडू कोणाच्या हाती जातो? पाहुण्यांना पाणी द्यायला कोणाला पाठवता? कोणाला नावाने हाक मारता आणि कोणाला आडनावाने? शिक्षक खोलीत ‘आरटीईची मुलं’ असा उल्लेख होतो का? डबा खाताना एकटं कोण बसतं, आणि डब्यात सुकट किंवा अंडं असलं की कोण झाकण अर्धंच उघडतं? मीही एकदा अशी वही ठेवली होती आणि तिसऱ्याच दिवशी ओशाळले. झाडू दर वेळी त्याच दोघांकडे जात होता, आणि देणारी मीच होते.

शिष्यवृत्तीचे अर्ज आले की ‘एससी, एसटीची मुलं उभी राहा’ असा पुकारा अजूनही होतो. त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो, घाई असते. पण चाळीस जणांसमोर उभं राहिलेलं पोर तो दिवस विसरत नाही. यादी कार्यालयात तयारच असते. पालकांना चिठ्ठी पाठवा किंवा मुलाला एकट्याला बोलवून कागद हातात द्या. चार दिवस जास्त लागतील.