पिल्लाच्या डोळ्यावरचा डाग फोटोतून पुसला, तर काय बिघडते?

आपण एका प्रश्नात दोन प्रश्न विचारले आहेत. ऐरोलीला आपण सांभाळत असलेल्या मांजराच्या तीन पिल्लांना घरे मिळावीत म्हणून त्यांचे मोबाइलवर चांगले फोटो कसे काढावेत, हा पहिला. आणि त्यांतल्या एकीच्या डोळ्यावर आजारपणानंतर राहिलेला पांढरा डाग एखाद्या ॲपमध्ये पुसून टाकला तर निदान लोक दारापर्यंत तरी येतील, मग प्रत्यक्ष पाहून त्यांचे मन वळेल, असे करावे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देणारे पुष्कळ भेटतील. मी दुसऱ्यासाठी लिहायला बसलो, कारण ‘निदान दारापर्यंत तरी येतील’ हे शब्द मी आयुष्यात एकदा थोरल्या भावाच्या तोंडून आणि एकदा भाचीच्या तोंडून ऐकले आहेत, आणि दोन्ही वेळा ते मला पटलेले नाहीत. डाग पुसू नका.

ठाण्यात नौपाड्याला माझा ३१ वर्षे फोटो स्टुडिओ होता. २०१५ साली तो बंद केला. इमारत पुनर्विकासाला गेली म्हणून बंद केला, असे मी लोकांना सांगतो. मोबाइल आला म्हणून, असे लोक एकमेकांना सांगतात, आणि दोन्ही खरे आहे. पासपोर्टचे फोटो, बारसे, मुंज, साखरपुडा ही कामे होतीच, पण स्टुडिओचे भाडे निघत असे ते लग्नाच्या मुलींच्या फोटोंवर, पत्रिकेसोबत पाठवायच्या त्या पोस्टकार्ड आकाराच्या फोटोंवर. त्यामुळे कोणाला तरी पसंत पडावे म्हणून काढलेला फोटो ही वस्तू काय असते, हे मला जरा जास्तच ठाऊक आहे.

२०२२ च्या जुलैत, पाऊस सलग चार दिवस थांबत नव्हता तेव्हा, आमच्या इमारतीच्या मीटरच्या खोलीत चार पिल्ले सापडली. दोन करड्या पट्ट्यांची, एक काळे आणि एक तिरंगी. (तिरंगी म्हणजे काळ्या, नारिंगी आणि पांढऱ्या रंगांची; ती जवळजवळ नेहमी भाटीच, म्हणजे मादीच असते, तरीही ‘तिरंगा बोका मिळेल का’ असे विचारणारे दर वेळी दोघेतिघे निघतात.) त्यांची आई दोन रात्री फिरकली नाही, तेव्हा मी भाचीला फोन केला. ती घणसोलीला राहते आणि नोकरी सांभाळून हा पिल्लांचा व्याप करते. ट्रान्स हार्बर मार्गाच्या लोकलने ती तासाभरात आली, पण पिल्लांना सर्दी झालेली, डोळे चिपडांनी बंद, आणि तिच्या घरी आधीच दोन मांजरे. ही सर्दी एका मांजराची दुसऱ्याला लागते. म्हणून चौघांचा मुक्काम माझ्याकडे पडला, ज्या खोलीत स्टुडिओचे जुने दिवे आणि पडदे बांधून ठेवले आहेत, त्या खोलीत.

पिल्ले पाच आठवड्यांची असतील, तेव्हा भाचीने एका रविवारी त्यांचे फोटो काढले. मी शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो, याचे मला अजून वाईट वाटते. खिडकीच्या ग्रिलच्या सावल्या थेट पिल्लांवर पडत होत्या, त्यामुळे पट्टेवाल्या पिल्लांना दुप्पट पट्टे आले. खाली फुलाफुलांची चादर होती. तिरंगीचा डावा डोळा अजून चिकटत होता, म्हणून तिचा फोटो उजव्या बाजूने घेतला, आणि त्यात एकच टपोरा निळा डोळा दिसत होता. फोटो गोड होता, हे मान्य करतो. चार दिवसांत त्या एका फोटोवर वीसेक माणसांनी विचारणा केली.

पण पिल्ले आठ आठवड्यांच्या आत आम्ही देत नाही, म्हणजे मधे तीन आठवडे गेले. तेवढ्यात दोन गोष्टी घडल्या. मांजराच्या पिल्लांचे डोळे सुरुवातीला निळेच असतात आणि सहाव्या-सातव्या आठवड्यापासून त्यांचा खरा रंग येऊ लागतो, तसा तिरंगीचा डोळा पिवळसर हिरवा झाला. आणि दुसरा डोळा औषधाने उघडला खरा, पण बुबुळावर दुधाळ सायीसारखा डाग राहिला. डॉक्टरांनी सांगितले की तो पूर्ण जाणार नाही, त्या डोळ्याने तिला अंधुक दिसेल, आणि दुसरा डोळा ठणठणीत असल्याने तिचे काही अडणार नाही. भाचीने फोटो मात्र तोच ठेवला. मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “मामा, निदान दारापर्यंत तरी येऊ देत लोकांना. एकदा मांडीवर घेतली की कोण नाही म्हणणार आहे?”

घोडबंदर रोडवरून एक नवरा-बायको आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन आले. माझी बहीण, म्हणजे भाचीची आई, त्या दिवशी माझ्याकडेच होती. तिने सवयीने पोहे केले. मुलीने तिरंगीला मांडीवर घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, “निळे डोळे कुठे गेले?” आईने पिल्लाचे तोंड हनुवटीला धरून उजेडाकडे वळवले. मग त्या बाई अत्यंत सभ्यपणे म्हणाल्या की हे फोटोत दिसले नव्हते, आणि निघताना त्यांचे पती म्हणाले, “आम्ही कळवतो.” दार लागल्यावर बहीण भाचीकडे पाहून एवढेच म्हणाली, “तुझ्या मामाने माझाही डाग पुसला होता.” आणि बशा उचलून आत गेली.

ती गोष्ट १९८७ ची. लहानपणी स्टोव्हचा भडका उडून बहिणीच्या गालावर भाजल्याची खूण राहिली होती. दादाने मला सांगितले की पत्रिकेसोबतच्या फोटोतून ती काढ. त्या वेळी ॲप नव्हते, पण हात होता. निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करून मी ती खूण अर्ध्या तासात नाहीशी केली, आणि माझ्या कामाचा मला अभिमानही वाटला. तीन स्थळे आली. तिन्ही घरच्या बायकांची नजर चहा येईपर्यंत फोटोवरून गालावर आणि गालावरून फोटोवर फिरत राहिली, आणि तिघांनीही ‘कळवतो’ म्हटले. दादा शेवटपर्यंत म्हणत असे की त्या खुणेने स्थळे गेली, फोटोने तर ती आणली होती. फोटो खरा असता तर तीही आली नसती. माझे म्हणणे असे, की भाजल्याची खूण मुलीला असते, पण लपवल्याचा आरोप घरावर येतो, आणि नकार बहुधा त्या आरोपाला मिळतो. दादा आता नाही, त्यामुळे हा वाद एकतर्फी चालू आहे. (बहिणीचे लग्न पुढे तिच्या कचेरीतल्याच एकाशी झाले. त्याने तो फोटो कधी पाहिलाच नव्हता. यातून दादाचे बरोबर ठरते की माझे, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.)

त्या संध्याकाळी मी भाचीला म्हटले की उद्या फोटो मी काढतो, तुझ्याच मोबाइलवर. आपल्या पहिल्या प्रश्नाचे जे काही उत्तर माझ्यापाशी आहे, ते त्या सकाळचे आहे.

सकाळी नऊच्या सुमारास, ढगाळ उजेडात, खिडकीला एक जुने पांढरे धोतर लावले. ग्रिलच्या सावल्या गेल्या आणि उजेड मऊ झाला. ढगाळ पावसाळी दिवस हा फोटोसाठी वाईट असतो, हा गैरसमज आहे. पिल्लांना आधी दहा-पंधरा मिनिटे दोरीमागे पळवले, मग खाऊ घातले, कारण दमलेले आणि पोट भरलेले पिल्लू झोपण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे एका जागी बसून नुसते पाहत राहते, आणि फोटो त्याच दोन-तीन मिनिटांत मिळतो. मी जमिनीवर पालथा पडलो, जेणेकरून मोबाइल पिल्लाच्या डोळ्यांच्या पातळीवर येईल. उभे राहून वरून काढलेल्या फोटोत सगळी पिल्ले सारखीच दिसतात, मोठे डोके आणि घाबरलेले कान. फ्लॅश अर्थातच बंद; मांजराच्या डोळ्यात मागे आरशासारखा पडदा असतो, तो फ्लॅशला हिरवा झगझगाट परत पाठवतो, आणि पिल्लू दचकते ते वेगळेच. नजर वळावी म्हणून भाचीने माझ्या मागे वेफरची पिशवी चुरगळली. ही युक्ती दोनदा चालते; तिसऱ्या वेळी कानसुद्धा हलत नाही, म्हणून ती आधीच उधळून टाकू नये. एकामागून एक असे पुष्कळ फोटो काढले आणि ठेवले सहा.

काळ्या पिल्लाखाली बदामी रंगाची जुनी शाल घातली. पांढऱ्या चादरीवर काळे पिल्लू खुलून दिसेल असे सगळ्यांना वाटते, पण कॅमेरा ती पांढरी चादर पाहून सगळे चित्र अंधारे करतो आणि पिल्लाच्या जागी शाईचा डाग उरतो. उलट पिल्लानेच सगळी चौकट भरली, तर कॅमेरा त्याला उजळायला जातो आणि काळे पिल्लू राखाडी दिसते. तेव्हा पडद्यावर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढावा. उजेड बाजूने घेतला की केस दिसतात, आणि डोळ्यांत खिडकीचा चौकोनी ठिपका आला की चेहऱ्यात जीव येतो. काळ्या मांजरांना घरे मिळायला वेळ लागतो, त्याचे खापर लोक आडवे जाण्याच्या समजुतीवर फोडतात. त्यात तथ्य आहे, पण निम्मे खापर वाईट फोटोंवर फुटायला हवे.

तिरंगीचा फोटो मी मुद्दाम समोरून काढला, दोन्ही डोळे स्पष्ट, खिडकी डागाच्या बाजूला, म्हणजे तो सावलीत लपणार नाही. दुसऱ्या फोटोत ती भाचीच्या तळहातावर होती, कारण हात नसेल तर पिल्लाचा आकार लोकांना कळत नाही. खाली भाचीने चार ओळी लिहिल्या: वय आठ आठवडे, वजन साडेआठशे ग्रॅम, डाव्या डोळ्यावर कायमचा डाग, औषध आता चालू नाही, फोटो आजचा आहे.

पुढचे अकरा दिवस एकही फोन आला नाही. तोपर्यंत पट्टेवाली दोन्ही पिल्ले गेली होती, आणि ती भाचीने काढलेल्या पहिल्या फोटोंवरूनच गेली, हे तिने मला तीनदा सांगितले. बाराव्या दिवशी नेरुळहून एका निवृत्त बाईंचा निरोप आला. त्यांचा पहिला प्रश्न होता, “तो डोळा रोज पुसावा लागतो का?” दुसरा होता, “ते काळे अजून आहे का?” त्या रविवारी आल्या, घरच्या खिडक्यांना लावलेल्या जाळीचे फोटो आम्ही मागण्याआधीच दाखवले, आणि दोघांना एकाच टोपलीत घेऊन गेल्या. पोहे खायलासुद्धा थांबल्या नाहीत. भाचीचे मत असे की हे काम फोटोने नव्हे, तिच्या चार ओळींनी केले. असेल. पण त्या ओळी माझ्या फोटोखाली होत्या.

मी जरा टोकाचे बोललो असेन, म्हणून काही गोष्टी जोडतो. जे कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसले जाते, ते फोटोआधी अवश्य पुसा. चिपडे काढणे, नाक स्वच्छ करणे, मागचा पसारा चौकटीबाहेर ठेवणे, फोटो थोडा उजळणे, यांत फसवणूक नाही. मी फक्त कापसाने न जाणाऱ्या गोष्टींबद्दल बोलतो आहे. आजारी किंवा नुकत्याच आणलेल्या पिल्लाला फोटोसाठी ताटकळवू नका. घाबरलेले पिल्लू फोटोत घाबरलेलेच दिसते. चौकटीत दाराची पाटी, इमारतीचे नाव, गाडीचा क्रमांक येऊ देऊ नका, नाहीतर महिन्याभरात आपल्या दारात आणखी एक खोके ठेवलेले सापडेल; आमच्याकडे दोनदा सापडले. आणि माझ्या पद्धतीने वेळ जास्त लागतो, हे खरे आहे. आपल्याकडे जागा नसेल, पावसाळा तोंडावर असेल आणि आणखी पिल्ले येणार असतील, तर अकरा दिवस फार मोठे असतात, हे मला निवांत खोली असल्यामुळे कळत नसेल.

आपली पिल्ले सहा आठवड्यांची आहेत, असे आपण लिहिले आहे. म्हणजे डोळ्यांचा रंग आत्ता बदलत असेल. आता काढलेले फोटो ओळखीसाठी ठेवा, आणि देण्याच्या आठवड्यात पुन्हा काढा, डागवाल्या पिल्लाचा समोरून, खिडकी डागाच्या बाजूला ठेवून.