वाचकांचे प्रश्न : दोन दिग्गजांना मानवंदना

प्रश्न : मेक्सिकोतील ‘ओमेनाखे आ दोस लेयेंदास’ या कुस्तीच्या कार्यक्रमात कोणाचा सन्मान होतो?

उत्तर : या स्पॅनिश नावाचा अर्थ ‘दोन दिग्गजांना मानवंदना’ असा आहे. त्यांपैकी साल्वादोर लुत्तेरोथ हे नाव कायम असते, कारण ‘लुचा लिब्रे’ या मेक्सिकन व्यावसायिक कुस्तीची आज ‘सीएमएलएल’ म्हणून ओळखली जाणारी संस्था त्यांनीच 1933 साली उभी केली. 1996 पासून केवळ त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या कार्यक्रमात 1999 साली एल सांतो या मुखवटाधारी मल्लाचे नाव जोडले गेले आणि पुढे दुसरा मान दरवर्षी वेगळ्या मल्लाला मिळू लागला.

एल सांतो यांची थोरवी समजण्यासाठी एवढेच पुरे, की चंदेरी मुखवट्याआडचा चेहरा त्यांनी आयुष्यभर लोकांपासून जपला, तो 1984 साली मृत्यूच्या काही दिवस आधी दूरचित्रवाणीवर थोडासा दाखवला आणि दफनाच्या वेळीही तोच मुखवटा त्यांच्या चेहऱ्यावर होता.

मार्चमध्ये मेक्सिको सिटीच्या ‘अरेना मेहिको’त होणाऱ्या या कार्यक्रमात सन्मानाचे स्मृतिचिन्ह रिंगणातच दिले जाते. मुख्य लढत पुष्कळदा पैजेची असते. हरणाऱ्याला भर रिंगणात मुखवट्यामागची नाडी सोडून आपले खरे नाव सांगावे लागते किंवा तिथेच डोके भादरून घ्यावे लागते. दिग्गजांच्या स्मरणाला यापेक्षा साजेशी लढत मला तरी सुचत नाही.