आजार बरा होणारच नसेल, तर उपचारांचा हेतू काय उरतो?

आपल्या प्रश्नात असे गृहीत धरलेले दिसते की रोग घालवणे हाच वैद्यकाचा हेतू आहे आणि तो साधत नसेल, तर बाकी सारे कालहरण. मी परिचारिका आहे. गंभीर रुग्णांच्या कक्षात बरीच वर्षे काढल्यावर मला हे पटेनासे झाले आहे. मधुमेह किंवा संधिवात सहसा मुळापासून जात नाही, तरी त्यांवरच्या उपचारांना कोणी निरर्थक म्हणत नाही.

एरिक कॅसल या अमेरिकी डॉक्टरांनी १९८२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील लेखात वेदना आणि क्लेश यांत भेद केला. क्लेश शरीराला नव्हे, माणसाला होतात, असे त्यांचे म्हणणे होते. प्रसूतीच्या कळा जीवघेण्या असल्या, तरी त्या कशासाठी आहेत हे बाईला ठाऊक असते. उलट, कर्करोगातून उठलेल्या माणसाच्या पाठीत साधी चमक भरली, तरी ‘तो परत आला की काय’ या शंकेने त्याची झोप उडते.

आमच्याकडे फुफ्फुसाचा आजार बळावलेले एक गृहस्थ होते. शून्य ते दहांत दुखणे किती, असे विचारले की ते ‘दोन’ म्हणत आणि मी तक्त्यावर दोन लिहीत असे. रात्री मात्र ते उशीला टेकून बसून राहत आणि डोळा लागू लागला की दचकून मान सावरत. तक्त्याप्रमाणे सारे ठीक होते! चौथ्या रात्री मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले, तेव्हा ते म्हणाले, “झोपेत श्वास थांबला, तर कुणाला कळणारही नाही.” दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी, धाप वाढल्यास काय केले जाईल आणि मॉर्फिनच्या अल्प मात्रेने घुसमट कशी कमी जाणवते, हे त्यांना सावकाश समजावले. आम्ही पलंग दाराजवळ घेतला, घंटेचे बटण त्यांच्या हाताशी बांधले. फुफ्फुसे होती तशीच होती, पण त्या रात्री ते झोपले.

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांचे शुश्रूषागृह, सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका, मग वैद्यकीय समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. शरीराचे दुखणे, मनाची भीती, घरच्यांची काळजी आणि ‘हे माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्न एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत, हे त्यांनी ‘संपूर्ण वेदना’ या कल्पनेतून मांडले.

अर्थात प्रत्येक दुःखावर डॉक्टरांकडे उपाय नसतो, आणि उपचारही क्लेश वाढवू शकतात. ‘आणखी एक प्रयत्न करून पाहू’ हे वाक्य पुष्कळदा रुग्णापेक्षा नातेवाइकांच्या, क्वचित डॉक्टरांच्याही, समाधानासाठी उच्चारले जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या घरी असा प्रसंग असेल, तर सुचवलेल्या उपचाराने कोणता त्रास कमी होईल आणि कोणता वाढेल, हे डॉक्टरांना थेट विचारावे. आणि त्याआधी, आपल्याला सर्वांत जास्त कशाचा त्रास होतो, हे रुग्णाला विचारून घ्यावे.