‘आम्ही’ गणितज्ञ होणार, म्हणजे नेमकं कोण?

प्रश्न : मुलगी बारावी झाली, गणितात 100 पैकी 98. आम्ही आयएसआयची, म्हणजे भारतीय सांख्यिकी संस्थेची, प्रवेश परीक्षा दिली, पण यादीत नाव आलं नाही. गणितात जे काही करायचं ते तिशीच्या आत, असं ऐकतो. ती मात्र इथल्याच कॉलेजात बीएस्सीला जाते म्हणते. वर्षभर ड्रॉप घ्यायला लावून पुन्हा परीक्षेला बसवावं का? मला तिला गणितज्ञ झालेलं बघायचं आहे. – एक वडील, सांगली

सप्रेम नमस्कार.

तुमचं मूळ पत्र अडीच पानांचं आहे. ‘आम्ही परीक्षा दिली’, ‘आमचं कॉम्बिनेटोरिक्स (मांडणी-निवडीचं गणित) कच्चं राहिलं’, ‘आमची दोन वर्षं क्लासला गेली’. परीक्षेच्या बाकावर तुम्ही होतात का? शेवटच्या पानावर कळतं, की तुम्हालाच एमएस्सी गणिताला प्रवेश मिळाला होता आणि घरच्या परिस्थितीमुळे नोकरी धरावी लागली. वाचून वाईट वाटलं. पण ती थकबाकी मुलीच्या खात्यावर टाकू नका. मार्गदर्शन विचारणारे बहुतेक पालक ‘गणित नको, इंजिनीअरिंग कर’ म्हणतात; तुम्ही उलटं बोलता, एवढ्याने दडपण कमी होत नाही.

आता त्या तिशीबद्दल. रामानुजन बत्तिसाव्या वर्षी गेले, गणितातलं मानाचं फील्ड्स पदक चाळिशीच्या आतल्यांनाच मिळतं, यावरून हा समज पसरलाय. प्रत्यक्षात बीएस्सी, एमएस्सी, मग पाच-सहा वर्षं पीएचडी, त्यानंतर दोन-दोन वर्षांच्या तात्पुरत्या जागा, कधी चेन्नईत तर कधी जर्मनीत. एवढं होईतो तिशी उलटते आणि कायम नोकरीचा पत्ता नसतो. आपले गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर घ्या. वडील ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक. मुलगा मुंबईत शिकून हार्वर्डला गेला, 1955 मध्ये डॉक्टरेट झाला. 1957 मध्ये त्यांनी मांडलेलं एक अनुमान, म्हणजे खरं वाटणारं पण सिद्ध न झालेलं विधान, सिद्ध व्हायला 1994 उजाडलं, तेही रेनो आणि हार्बेटर या दुसऱ्या गणितज्ञांच्या हातून. 2012 मध्ये, 82 व्या वर्षी गेले तेव्हाही ते अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांचे विद्यार्थी मो, आणि मो यांचा विद्यार्थी यितांग झांग. या झांगला 1991 मध्ये पीएचडी मिळाली, पण विद्यापीठात जागा मिळेना. हिशेबनिसाची कामं केली, सँडविचच्या दुकानात काम केलं. पुढे न्यू हॅम्पशायरला साधा व्याख्याता झाला. 2013 मध्ये त्याने सिद्ध केलं, की ज्यांच्यातलं अंतर सात कोटींपेक्षा कमी आहे अशा मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. तेव्हा वय होतं 58. असं सगळ्यांचं होत नाही, हे सांगायला नकोच. पण सतरा वर्षांच्या मुलीला ‘उशीर होतोय’ म्हणणं हास्यास्पद आहे.

पत्रात मला सगळ्यात आवडलेलं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय : ‘अभ्यास सोडून भलतंच विचारते, हे गणिताचे प्रोफेसर दिवसभर करतात तरी काय?’ अहो, याहून नेमका प्रश्न कोणता? तुम्ही ‘संशोधन’ म्हणून तिला गप्प केलंत, तर उत्तर मी देतो. एक-दोन तास वर्गात जातात. मग पेपर तपासणं, बैठका, आणि आपल्याकडे असाल तर नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली. उरलेल्या वेळात फळा, खडू आणि बहुतेक दिवस जागचा न हलणारा एक प्रश्न. तीन आठवडे चाललेली वाट बंद आहे, हे चौथ्या आठवड्यात कळतं. सुटलाच तर शोधनिबंध लिहायला काही महिने जातात, आणि तो छापायचा की नाही हे कळायला वर्षही लागतं. मध्येच दुसऱ्या कुणाचा निबंध ओळ न् ओळ तपासून द्यायचा, तोही फुकट. हे ऐकून तिचे डोळे चमकले तर ठीक. तोंड वाकडं केलं तर तेही ठीक. गणित आवडणाऱ्या प्रत्येकीला गणितज्ञ व्हायचं नसतं.

ड्रॉप नको. जाऊ दे बीएस्सीला. तिला हवंच असेल तर पुढे जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी, मग नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा, हा रस्ता मोकळा आहे. पीएचडीला जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना 37 हजार. पैशांत नोकरीला लागलेल्या मैत्रिणी पुढे जातील. आणि महाराष्ट्रात सेट (राज्याची पात्रता परीक्षा), पीएचडी करूनही तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मोबदल्यावर, राबणारी माणसं मी रोज बघतो. हे तिला आत्ताच सांगा, पण घाबरवायला म्हणून नको.

एक काम कराल? तिच्या कॉलेजातल्या गणिताच्या मॅडमना भेटायला तिला एकटीला पाठवा. क्लासची पुढच्या वर्षाची फी तोवर भरू नका. आणि पुढचं पत्र तिचं येऊ द्या. पाकीट तिलाच चिकटवू द्या.