घरं बँकेत गेली की राज्याची तिजोरी का आटते? (कॅलिफोर्निया, 2008 ते 2012)

तुम्ही गेल्या वर्षी ट्रेसीत घर घेतलंत, मंदीच्या बातम्या ऐकून झोप उडाली आहे आणि तीन गोष्टी विचारल्या आहेत. पुन्हा 2008 सारखी घरं बँकेत जाऊ लागली तर मुलांच्या शाळेला झळ लागेल का? घर जातं मालकाचं, पैसा बुडतो बँकेचा, मग खडखडाट राज्याच्या तिजोरीत का होतो? आणि अशा वेळी राज्य सरकार हात सैल सोडून लोकांची घरं का वाचवत नाही?

मी त्या काळात स्टॉकटनला राहत होतो आणि राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला, राज्याच्या एका खात्यात हिशेबाचं काम करत होतो. दिवसा तिजोरीचे आकडे आणि संध्याकाळी गल्लीतली रिकामी घरं, दोन्ही डोळ्यांसमोर होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

2008 च्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या चौदा घरांपैकी पाच रिकामी होती. पुढचं गवत वाळून पिवळं पडलेलं, मागच्या पोहण्याच्या तलावात हिरवं पाणी आणि त्यावर डास. त्याच जुलैत राज्याने कायदा केला की ताब्यात घेतलेलं घर ओसाड ठेवणाऱ्या मालकाला, म्हणजे बहुतेक वेळा बँकेलाच, दिवसाला 1,000 डॉलरपर्यंत दंड करता येईल, आणि थकबाकीची पहिली नोटीस लावण्याच्या किमान 30 दिवस आधी कर्जदाराशी संपर्क साधावा लागेल. तोवर तेवढंही बंधन नव्हतं. कॅलिफोर्नियात फोरक्लोजर, म्हणजे हप्ते थकल्यावर घराची जप्ती, बहुतेक वेळा कोर्टाबाहेरच होतं : थकबाकीची नोटीस, मग किमान तीन महिने, मग लिलावाची नोटीस, आणि त्यानंतर वीसेक दिवसांनी कोर्टाच्या पायऱ्यांवर बोली. चार महिन्यांत घर हातचं जातं. तुमच्या शेजारच्या माउंटन हाऊस गावात 2008 च्या शेवटी कर्ज असलेल्या दहापैकी जवळजवळ नऊ घरांवर किमतीपेक्षा जास्त कर्ज होतं. देशात सर्वात वाईट अवस्था तिथली होती. आज तिथे आपली किती कुटुंबं राहतात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

आता तिजोरीकडे येतो. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. घरपट्टी, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्स, राज्याकडे जातच नाही. तो काऊंटी (म्हणजे जिल्हा), शहर, शाळा आणि स्थानिक संस्थांत वाटला जातो. त्यामुळे वरवर पाहता घरांच्या किमती कोसळल्या तरी सॅक्रामेंटोचं काही बिघडू नये. पण शाळांचा हिशेब बघा. तेव्हाच्या पद्धतीत प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला, मुलांच्या हजेरीप्रमाणे एक रक्कम ठरलेली असे. त्यातली जेवढी घरपट्टीतून यायची तेवढी यायची आणि उरलेली राज्याने भरायची. स्टॉकटनमध्ये घरपट्टी घटली की खड्डा सॅक्रामेंटोत पडायचा. श्रीमंत भागातले काही मोजके डिस्ट्रिक्ट निव्वळ घरपट्टीवर चालतात, त्यांचं गणित वेगळं.

आणि फोरक्लोजरने पडलेला खड्डा लवकर बुजत नाही. 1978 च्या प्रपोझिशन 13 प्रमाणे (प्रपोझिशन म्हणजे मतदारांनी थेट मतदानाने ठरवायचा कायदा) कर खरेदीच्या किमतीवर 1 टक्का, आणि ती करपात्र किंमत वर्षाला जास्तीत जास्त 2 टक्के वाढते. समजा 2005 मध्ये कुणी साडेचार लाख डॉलरला घर घेतलं. मूळ कर 4,500. भाव पडले तर तो काऊंटीच्या असेसरकडे, म्हणजे घराची करपात्र किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करून कर कमी करून घेऊ शकतो, पण ती सवलत तात्पुरती असते. बाजार वर आला की असेसर मूळ पातळीपर्यंत एकदम परत नेऊ शकतो, तिथे 2 टक्क्यांची अट आड येत नाही. तेच घर लिलावातून बँकेकडे जाऊन नव्या माणसाने दीड लाखाला घेतलं, तर दीड लाख हाच नवा पाया. कर 1,500, आणि पुढे वर्षाला 2 टक्के. या गतीने 1,500 चे 4,500 व्हायला पंचावन्न वर्षं लागतात. घर मध्ये पुन्हा विकलं गेलं तर गोष्ट वेगळी, पण ज्या वस्तीत शेकडो घरं लिलावात गेली तिथलं उत्पन्न किती वर्षं खाली दबून राहिलं असेल याचा अंदाज यावरून येईल. घरमालकाला घरात टिकवून ठेवणं हे माणुसकीचं तर आहेच, पण हिशेबाच्या वहीतही ते फायद्याचं ठरतं, हे मी तेव्हाही बैठकांत सांगायचो.

राज्याला बसलेला मोठा तडाखा मात्र दुसऱ्या वाटेने आला. कॅलिफोर्नियाच्या जनरल फंडाचा, म्हणजे राज्याच्या मुख्य तिजोरीचा, निम्म्याहून जास्त भाग वैयक्तिक आयकर आहे, आणि त्यात श्रीमंतांच्या शेअरवरच्या नफ्याचा वाटा फार मोठा. घरबांधणी थांबली तेव्हा सुतार, प्लंबर, रंगारी, कर्जाचे दलाल, घरखरेदीचा पैसा व्यवहार होईपर्यंत सांभाळणाऱ्या एस्क्रोच्या कचेऱ्या, फर्निचरची दुकानं सगळी एकदम बसली. पगार गेले तसा आयकर गेला, गाड्या आणि सोफे विकेनात म्हणून विक्रीकर गेला, आणि शेअरबाजार कोसळल्याने नफ्यावरचा करही गेला. 2007-08 मध्ये जनरल फंडात सुमारे 103 अब्ज डॉलर आले होते, पुढच्या वर्षी सुमारे 83 अब्ज. एका वर्षात पाचवा हिस्सा गायब. त्याच वेळी बेकारी 12 टक्क्यांवर गेली आणि गरिबांच्या मेडी-कॅल विम्याच्या रांगा वाढल्या.

आता तुमचा तिसरा प्रश्न. केंद्र सरकार मंदीत कर्ज काढून खर्च वाढवू शकतं. राज्याला तसं करता येत नाही. अर्थसंकल्पाची दोन्ही टोकं जुळलीच पाहिजेत, आणि वर्षअखेरची तूट कर्ज काढून झाकायला 2004 पासून कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेतच मनाई आहे. भारतातल्या राज्यांना निदान ठरलेल्या मर्यादेत तूट ठेवता येते. कोविडमध्ये केंद्राने ती मर्यादा वाढवून दिली होती, आणि महाराष्ट्राने सप्टेंबर 2020 मध्ये घरखरेदीची स्टॅम्प ड्युटी काही महिन्यांसाठी 5 वरून 2 टक्क्यांवर आणली, ती त्या मोकळीकीमुळेच पेलवली असं मला वाटतं. इथे तशी सोय नाही. जेव्हा लोकांना सरकारची सर्वात जास्त गरज असते, नेमक्या त्याच वेळी सरकार कात्री काढतं.

तीही एकमताने नाही. अर्थसंकल्पाला तेव्हा दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागायची (ही अट नोव्हेंबर 2010 मध्ये मतदारांनी काढली). फेब्रुवारी 2009 मध्ये विक्रीकर एका टक्क्याने वाढवला, वाहनकर वाढवला, खर्च कापला. त्याला जोडलेले बहुतेक प्रस्ताव मे महिन्यात मतदारांनी फेटाळले आणि तुटीचा आकडा पुन्हा 20 अब्जांच्या पार गेला. 2 जुलै 2009 पासून राज्याची देणी चुकती करणारे कंट्रोलर जॉन चियांग यांच्या कचेरीने पैशांऐवजी हुंड्या द्यायला सुरुवात केली. आयओयू म्हणायचे त्यांना. 3.75 टक्के व्याज, आणि दोन महिन्यांत सुमारे 2.6 अब्ज डॉलरच्या. कर्जरोख्यांची परतफेड आणि शाळा यांचा घटनेने पहिला हक्क, म्हणून त्यांना रोख. हुंड्या कुणाला? टॅक्स रिफंडची वाट पाहणाऱ्यांना, राज्याला माल पुरवणाऱ्या छोट्या दुकानदारांना, वृद्धांची सेवा करणाऱ्या संस्थांना. मोठ्या बँकांनी त्या आठवडाभर घेतल्या आणि मग थांबवल्या. आमच्या फोनवर लोक रडायचे. एका बाईंनी विचारलं होतं, घराचा हप्ता भरायला हा कागद चालेल का? चालणार नव्हता.

आम्हा कर्मचाऱ्यांना महिन्यात तीन दिवस बिनपगारी सुट्टी लागली, म्हणजे पगारात जवळजवळ 14 टक्के कपात. माझ्या विभागातल्या दोघांचे हप्ते त्यामुळेच थकले. एकाचं एल्क ग्रोव्हमधलं घर 2010 मध्ये लिलावात गेलं. हे चक्र नीट समजून घ्या : घरं गेली म्हणून महसूल गेला, महसूल गेला म्हणून पगार कापले, पगार कापले म्हणून आणखी घरं गेली. पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं असतं. मी ते माझ्या शेजारच्या टेबलावर पाहिलं. माझी बायको शाळेत शिकवायची. कायद्याने शिक्षकांना कपातीची सूचना 15 मार्चच्या आत द्यावी लागते, तशी तिला 2009 आणि 2010 अशी दोनदा मिळाली. दोन्ही वेळा उन्हाळ्यात ती मागे घेतली गेली, पण ते चार महिने आम्ही एकही मोठा खर्च केला नाही. आमच्यासारखी हजारो घरं तेव्हा हात आखडून बसली होती. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची फी नोव्हेंबर 2009 मध्ये 32 टक्क्यांनी वाढवली गेली.

खरा आधार आला तो वॉशिंग्टनहून. फेब्रुवारी 2009 च्या 787 अब्ज डॉलरच्या कायद्यातून शाळांना पैसा मिळाला आणि मेडी-कॅलच्या खर्चातला केंद्राचा वाटा 50 वरून सुमारे 61.6 टक्क्यांवर गेला. तो नसता तर माझ्या बायकोची दुसरी नोटीस मागे घेतली गेली नसती, हे मी खात्रीने म्हणतो. दोष एवढाच की 2011 पर्यंत तो ओघ संपला आणि घरं अजून सावरली नव्हती.

शहरांची गोष्ट आणखी कठीण. राज्याने 2009 मध्ये स्थानिक संस्थांच्या घरपट्टीतले सुमारे 1.9 अब्ज उसने घेतले. दुष्काळात तेरावा महिना! स्टॉकटनने स्वतःही चुका केल्या होत्या : भरभराटीच्या काळात निवृत्तांना आजन्म आरोग्यविम्याची वचनं, 2007 मध्ये पेन्शनसाठी 12.5 कोटी डॉलरचे बाँड. नव्या सिटी हॉलसाठी घेतलेली इमारत धनकोंनी 2012 मध्ये ताब्यात घेतली, म्हणजे शहराचंच फोरक्लोजर झालं. 28 जून 2012 ला शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. पोलीसदल जवळजवळ चतुर्थांशाने घटलं होतं. त्या वर्षी शहरात 71 खून झाले, तोवरचा उच्चांक. आम्ही रात्री गाडी गॅरेजमध्ये नेऊन दार बंद झाल्यावरच उतरायचो.

एक गोष्ट मला आजही सलते. फेब्रुवारी 2012 मध्ये पाच मोठ्या बँकांनी फोरक्लोजरमधल्या गैरप्रकारांबद्दल 49 राज्यांशी 25 अब्ज डॉलरचा समझोता केला. त्यातले सुमारे 41 कोटी थेट राज्याच्या हाती आले, घर गमावणाऱ्यांना सल्ला आणि कायदेशीर मदत मिळावी म्हणून. गव्हर्नर जेरी ब्राऊन यांच्या सरकारने बहुतेक रक्कम तूट भरायला, जुन्या गृहनिर्माण रोख्यांच्या हप्त्यांना वळवली. काही सामाजिक संघटना कोर्टात गेल्या. 33.1 कोटी डॉलर बेकायदा वळवले, ते परत करा, हा निकाल कायम व्हायला 2019 उजाडलं. ज्यांच्यासाठी पैसा आला होता त्यांची घरं तोवर दुसऱ्यांच्या नावावर होऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी हिशेबातला माणूस, तूट भरायची घाई मला कळते. तरीही ते चूक होतं.

त्यानंतर बरंच सुधारलं. 2013 पासून बँकेला एकीकडे कर्जाच्या अटी बदलायची बोलणी आणि दुसरीकडे लिलाव, असं एकाच वेळी करता येत नाही. 2014 मध्ये मतदारांनी चांगल्या वर्षांत सक्तीने राखीव निधी साठवायचा नियम केला. म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ आता तितकीशी येणार नाही. पण आयकरावरचं अवलंबून राहणं 2012 च्या प्रपोझिशन 30 ने उलट वाढवलं, कारण श्रीमंतांवरचा दर वाढला. शेअरबाजार पडला की सॅक्रामेंटो हादरणारच.

तेव्हा तुमच्यापुरतं सांगतो. भाव खरेदीच्या खाली गेले तर सॅन वाकीन काऊंटीच्या असेसरकडे कर कमी करण्याचा अर्ज करा, त्याला फी नाही. हप्ता चुकेल असं वाटलं तर चुकण्याआधीच केंद्रमान्य गृहसल्लागाराला फोन करा, तोही फुकट असतो. कर्ज बदलून देतो म्हणून आधी पैसे मागणारा भेटला तर फोन ठेवून द्या, 2009 पासून ते बेकायदा आहे. शाळेचं विचारलंत, तर तुमच्या डिस्ट्रिक्टला वर्षातून दोनदा, डिसेंबर आणि मार्चच्या मध्यापर्यंत, आर्थिक स्थितीचा अहवाल बोर्डापुढे ठेवावा लागतो. त्यात शेरा 'पॉझिटिव्ह' (पैसा पुरेल), 'क्वालिफाइड' (कदाचित पुरणार नाही) किंवा 'निगेटिव्ह' (पुरणार नाही) असतो. डिसेंबरच्या सभेला जाऊन बसा. शेरा क्वालिफाइड असेल तर मार्चमध्ये कुणाच्या हातात नोटीस पडणार ते तिथेच कळायला लागतं, आणि बोलायला तेव्हा अजून वेळ असतो.